खिडकीतला लाल टॉवेल

छोटे,

खिडकीत लाल टॉवेल दिसला की तू वर येणार नाहीस, म्हणून चिठ्ठी खाली पत्रपेटीत ठेवतेय. सरळ मावशीकडे जा. तुझा गणवेश मी संध्याकाळी घेऊन येते. आईला कुशीवर झोपवलंय, जवळ बादली ठेवलीय. शेजारच्या काकूंनी विचारलं तर नेहमीचंच सांग, ताप आलाय.

सकाळी तुझ्यावर उगाच डाफरले, मनावर घेऊ नकोस.

आणि ऐक. आई प्यायला बसली की टॉवेल लावायचा, ही खूण फक्त आपल्या दोघींना माहीत आहे असं आपण धरून चाललो होतो. आज तो मी लावला नाही. मी क्लासहून आले तेव्हा खिडकीत होताच. बाटली उघडण्याआधी आईनेच लावला असणार, दोन्ही टोकांना नीट चिमटे लावून.

ताई