रडायची मनाई

जवाहरनगर
३ डिसेंबर १९७५

ती. सत्यभामावहिनींस,
शकुनचा सा. न. वि. वि.

दिवाळीच्या पत्राला आज उत्तर लिहिते. आळशी नणंद म्हणा, चालेल. सातवा महिना लागलाय, नीट बसून लिहिताही येत नाही. बाळंतपणाला मी तुमच्याच दवाखान्यात येणार, हे आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही उशाशी असलात की मला कसली भीती नाही.

आता खरं काम. सानगडीला आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा आहेत. परवा तिने वरणात मिठाऐवजी सोडा घातला. डावा पिकलाय, थंडीतच काढून घ्या असं डॉक्टर म्हणाले. भोजराजदादा धानाच्या चुरण्या-मळणीत अडकलाय आणि त्याच्या बायकोचं तर नावच नको. तुमच्या जागी आणली खरी, पण तुमची सर तिला नाही. आमचे हे फॅक्टरीतून रजा काढून आईला आणून भरती करतील. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही.

तुमची कुंदा तापाने गेली आणि महिन्याच्या आत आईने तुम्हाला पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलं. अकरा वर्षं झाली. कोणत्या तोंडाने मागते तेच कळत नाही, तरी मागते. तिला सांभाळा, आणि तुम्ही कोण ते कळू देऊ नका. कळलं तर ती ऑपरेशन न करताच घरी पळेल.

या नणंदेवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शकुन


भंडारा
९ डिसेंबर १९७५

चि. सौ. शकुनबाईंस,
अ. आ. वि. वि.

तुमच्या आई काल भरती झाल्या. सात नंबरची खाट, खिडकीजवळ. केसपेपरवर मीच नाव लिहिलं, देवकाबाई, वय साठ.

घाबरू नका, ओळखलं नाही. माणूस त्यांना धुरकट खांबासारखा दिसतो. आवाजाचं म्हणाल, तर दोन वर्षं तुमच्या घरी नांदले, पण सासूसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही ही तुमची रीत. माझा आवाज त्यांनी ऐकलाय कुठे? तुमच्या रीतीचा इतक्या वर्षांनी असा उपयोग झाला बघा.

उद्या ऑपरेशन. आज त्यांना न्हाऊ घातलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या, म्हणजे उशीवर डोकं सपाट राहतं. मग पापण्यांचे केस कापले. कात्री डोळ्यापाशी नेली तेव्हा त्या मुठी आवळून पडल्या होत्या. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी कात्री थोडा वेळ तशीच धरून ठेवली. त्यांना घाबरलेलं बघून बरं वाटलं. नंतर माझी मलाच लाज वाटली आणि कामाला लागले.

आता सात दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, कुथायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. रडताना पापण्या आवळल्या जातात, टाका सुटतो आणि डोळा जातो. हे मी पढवलं, तर म्हणाल्या, मी कायले रडू वो बाई, मी जन्मात रडली नाही. खरंच आहे. कुंदाला मातीत ठेवलं तेव्हाही रडल्या नव्हत्या.

पण कुंदा गेली त्याचा दोष मी त्यांना देत नाही. बैल लंगडत होता, रेंगी जुंपता आली नाही, म्हणून साकोलीचा डॉक्टर राहिला. तुम्हीच गोठ्यातून धावत येऊन सांगितलं होतं, आठवतं? नशिबापुढे कोणाचं चाललंय.

तब्येतीला जपा. आठवण ठेवता तशीच ठेवा.

तुमची वहिनी,
सत्यभामा


जवाहरनगर
११ डिसेंबर १९७५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. यावंसं फार वाटतं, पण बसचे धक्के नकोत असं हे म्हणतात. बैलाच्या त्या जुन्या गोष्टी आता कशाला उकरायच्या? आणि एक सांगते. आई पडल्या पडल्या फार बोलते. म्हातारं माणूस, काहीही बरळतं. तिचं काही मनावर घेऊ नका. जमलं तर तिला बोलूच देऊ नका.

घाईत लिहिलं, माफी असावी. माया असू द्या.

शकुन


भंडारा
१३ डिसेंबर १९७५

चि. सौ. शकुनबाईंस,
अ. आ. वि. वि.

ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश आहेत. आज तिसरा दिवस. चमच्याने पेज भरवते, पाठीला पावडर लावते, भांडं देते. दुसऱ्या बाईचा हात लागला की लगेच ओळखतात आणि माझी बाई कुठी गेली म्हणून विचारतात. काल म्हणाल्या, तुहे हात लय नरम आहेत वो, तुह्यासारखी सून असती तर मले काय पाहिजे होतं. मी पेजेचा चमचा तोंडात घालून त्यांना गप्प केलं.

हसू नका, पण मला त्यांची माया वाटायला लागली आहे. काल दुपारी खोकला दाबून दाबून त्या घामाघूम झाल्या, तेव्हा माझाच जीव वरखाली होत होता. हा डोळा मी वाचवणार. टेबलावर पडल्या पडल्या त्यांना एक जुनं पाप आठवलं, ते म्हणे मलाच सांगायचं आहे. मी म्हटलं, आधी डोळा बरा होऊ द्या.

काळजी नसावी, आपुलकी असावी.

तुमची वहिनी,
सत्यभामा


जवाहरनगर
२७ डिसेंबर १९७५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

चौदा दिवस तुमचं पत्र नाही. आईचा डोळा गेला हे मला यांच्याकडून कळावं? पट्टी सोडली तेव्हा टाका सुटलेला होता, म्हणे. रुग्ण रडली होती का, असं डॉक्टरांनी यांना विचारलं. आई कधी रडते का? उजव्या डोळ्याला ती आता हात लावू देत नाही. आंधळीला सानगडीत कोण बघणार म्हणून दादाने तिला माझ्याकडे आणून सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते, घास भरवला तरी तोंड उघडत नाही.

तुम्ही तिथे होतात ना? तिला कोणी काही बोललं का? एवढं कळवा.

शकुन


भंडारा
१ जानेवारी १९७६

चि. सौ. शकुनबाईंस,
अ. आ. वि. वि.

विचारलंत म्हणून सांगते. मी तिथेच होते.

चौथ्या दिवशी दुपारी, भेटायला येणारे लोक गेल्यावर, त्यांनी माझा हात धरला आणि नको म्हटलं तरी सांगितलं. बैल लंगडत नव्हता. तुम्हाला बघायला दुसऱ्या दिवशी जवाहरनगरचे पाहुणे यायचे होते. त्यांना साकोलीहून आणायला रेंगी धुऊन, सजवून ठेवली होती. पोर वाटेत त्याच रेंगीत गेली तर पाहुणे त्यात कसे बसवायचे, म्हणून बैल लंगडते असं सुनेले सांग, हे त्यांनी तुम्हाला शिकवलं. आणि तुम्ही सांगितलंत. वर त्या म्हणाल्या, पोरगीच तर होती वो. सांगून झाल्यावर म्हणाल्या, आता लय हलकं वाटते.

त्यांना हलकं वाटलं, तेच मला सोसलं नाही. मी वाकून सांगितलं, मी सत्यभामा, कुंदाची आई.

जन्मात न रडलेली बाई रडली. माझे पाय शोधायला हात खाटेखाली नेत होती. पट्टी ओली झाली. अशा वेळी डॉक्टरांना हाक मारायची, हे मी नव्या पोरींना शिकवते. मी स्टूल ओढून बसले आणि तासभर बघत राहिले. रडायची मनाई आहे, असं एकदाही म्हटलं नाही. मग वरचा ओला कापूस बदलला, पट्टी कोरडी दिसेल अशी बांधली, आणि ड्यूटी संपवून खोलीवर आले. डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. पश्चात्तापाची वाट बघते आहे, तोही अजून आलेला नाही.

त्यांनी तर मला उघड उघड हाकललं होतं. तुम्ही मात्र अकरा वर्षं मला वहिनी म्हणून पत्रं लिहिलीत. ती सगळी मी जपून ठेवली होती.

बाळंतपणाला इकडे येऊ नका. माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही. दुसरीकडे नाव घाला. कळा सुरू झाल्या की फॅक्टरीची गाडी लगेच मागवा. गाडी बिघडली आहे असं कोणी धावत येऊन सांगितलं, तर ऐकू नका, कोणाला तरी बघायला पाठवा. मी त्या दिवशी गोठ्यात जाऊन पाहिलं नाही. तुमच्यावर माझा विश्वास होता.

आईंना सांभाळा.

सत्यभामा