दोनच अर्ज

सर,

कंपनीला लिहिलेल्या तुमच्या पत्रातलं एक वाक्य खोटं निघालं आणि तेवढ्यावरून तुमचा क्लास गेला. ते वाक्य तुम्ही खरं म्हणूनच लिहिलं होतं. खोटं मी केलं.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. नेरच्या बसस्टँडसमोर, वरच्या मजल्यावर आपला क्लास. पाच कम्प्युटर, शिकवायला तुम्ही आणि मी. बियाण्यांच्या नुकसानभरपाईचे अर्ज ते बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर भरायचे होते, म्हणून जिन्यापर्यंत माणसं बसलेली असायची. तुम्ही कोणाकडून चहासुद्धा घेत नव्हता. एका दुपारी तुमचा स्वतःचा अर्ज उघडताना स्क्रीनवर वरच्या, साइटच्या पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच माणसाचा अर्ज आला. फोटो, मोबाइल, आधार, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळं उघडं. मग भावाला फोन लावून, त्याला विचारून, त्याच्या अर्जाचा नंबर टाकून पाहिला. तोही उघडला. मी म्हटलं, पेपरात देऊ. तुम्ही खेकसलात, "पेपरात आलं तं ज्याले माहीत नाही त्यालेही माहीत होईन. ज्याची चूक हाय त्याले आधी सांगाचं, दुरुस्त कराले वेळ द्याचा. तोवर तोंड बंद, आन हातही." पुराव्याला अजून दहाबारा पाहून ठेवू का, असं मी विचारलं. "पुराव्याले दोन पुरतात. पुढचा पाहिला का चोरी झाली." मग तुम्ही एका बोटानं टाइप करत पत्र लिहिलं. चूक कुठे आहे, कशी दिसली, काय केलं तर बंद होईल. खाली लिहिलंत, चुकून उघडलेला सोडून मुद्दाम दोनच अर्ज पाहिले, माझा आणि परवानगीनं भावाचा. पंधरा दिवस उत्तर आलं नाही. तुम्ही दुसरं पत्र पाठवलं.

त्याच पंधरवड्यात मला बोरी अरब गावचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे बारा एकर सांगत होते. तीनचार दुपारी तुम्ही बँकेत गेलात तेव्हा मी दार लोटलं आणि एकेक आकडा बदलत बसले. गावाचे अर्ज ओळीनं होते, मला हवं ते नाव बऱ्याच उशिरा आलं. वाटेत दिसले ते सगळे वाचले. अडचणीच्या रकान्यात लोकांनी सगळं लिहिलेलं, कोणाची बाई सोडून गेली, कोण आजारी, कोणाचं पासबुक किती वर्षं कोरं. मजा येत होती, सर. घरी जाऊन बाबांना म्हटलं, माणसं खोटी आहेत. स्थळ मोडलं.

कंपनीचा माणूस आणि वकील आले तेव्हा क्लासमध्ये पोरं बसलेली होती. त्यांना बाहेरसुद्धा काढू दिलं नाही. माणसानं तुमचं पत्र टेबलावर ठेवलं आणि शेजारी यादी. आपल्या कनेक्शनवरून तीनशेवर अर्ज उघडलेले. "दोन म्हणता ना तुम्ही? कोणाला विकणार होता?" तुम्ही यादीवर बोट ठेवून खाली खाली जात राहिलात. सगळी बोरी अरबची माणसं. यादी जिथे संपत होती ते आडनाव तुम्हाला माहीत होतं, स्थळाचा पेढा तुम्हीच आधी मागितला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले. "मीच पाह्यले," तुम्ही म्हणालात. त्यांनी पोरांसमोर तुमच्याकडून माफीनामा लिहून घेतला, आणि एक शब्द खोडलेला दिसला म्हणून पुन्हा लिहायला लावला. ते गेल्यावर तुम्ही विचारलं, "जमीन किती निघाली पोराची?" "साडेतीन एकर." "मंग बरं झालं," म्हणालात, आणि एकेक कम्प्युटर बंद करत गेलात.

साइटवरचं ते भोक दोन दिवसांत बुजलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. क्लासची मान्यता महिन्याभरात गेली. ज्याचा अर्ज तुम्ही तीनदा भरून दिला होता तो म्हातारा जिना चढून आला आणि म्हणाला, "मास्तर, आमची नावं विकली तुम्ही?" तेव्हाही मी तिथेच होते. तुम्ही त्याला पाणी दिलं, त्यानं ते घेतलं नाही. पुढे तुम्ही पांढरकवड्याला ट्रकवाल्यांच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, बिल्ट्या टाइप करायला लागलात. मी पुण्याला आले. इथल्या कम्प्युटर सुरक्षेच्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, कधी कुठल्या कंपनीला अशी चूक कळवली आहे का? मी तुमची गोष्ट सांगितली, माझी म्हणून. तुमची वाक्यंसुद्धा वापरली. त्यांना फार आवडली. आता लोक आमच्या कंपनीला अशी पत्रं लिहितात, ती मी वाचते. माझ्या गोष्टीवरून नव्या मुलांना शिकवतातही. तुम्ही कधीतरी कुठेतरी ती ऐकाल, ही भीती मात्र तीन वर्षं पोटात होती.

मग तुमच्या घरून काकूंचा फोन आला. "सर गेले तुहे. तुले लई जीव लावत. येतं का?" मी म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही, सर. सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी बाहेर जेवायला गेले.

काकू अजून नेरलाच राहतात. तुम्ही लोकांची नावं विकायला निघाला होता, असंच त्यांना वाटतं, आणि तरी तुमच्या फोटोला रोज हार घालतात. हे पत्र त्यांच्या हातात पडायला हवं, एवढं मला कळतं. पत्ता पाठ आहे. पाकीट मी आणलेलंच नाही.