यशपालसाठी गाडी बघणे

१३ एप्रिल, रविवार

सकाळी साडेसातला यशपालचा फोन. "पप्पा, गाडी घ्यायचीय. चायनाची. घेऊ का?"

जानेवारीत मनकर्णा, याची आई, गेली. तेव्हापासून हा पोरगा फोनवर "जेवलात का" आणि "गोळ्या घेतल्या का" याच्या पुढं गेला नव्हता. आज गेला. पण चायनाची! बाप चाळीस वर्षं विजापूर रोडला मोटारसायकली खोलतोय आणि लेक कॅनडात जाऊन चायनाची गाडी घेणार. तसं मी बोललोच. तो हसला. म्हणाला, इकडं आता बऱ्याच यायला लागल्यात, जपानी गाडीच्या निम्म्या भावात, वर दोन वर्षांची वॉरंटी. लोक घेतायत, पण भीत भीत. "तुमी बघून सांगा. तुमी घे म्हणलात तर घेतो."

एडमंटनला एका गोदामात रात्रपाळी करतो. पहाटे सुटतो तेव्हा बस नसते, पाऊण तास चालत खोलीवर येतो. बर्फातसुद्धा चालला म्हणे सगळा हिवाळा. मला कधी सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून बघितलं तर बावीस मिनिटं झाली होती. आम्ही दोघं, बावीस मिनिटं!

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. तिच्याशिवायची पहिली. आदल्या दिवशी पांढरं पातळ इस्त्री करून दाराच्या खिळ्याला अडकवायची. खिळा रिकामा होता. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून आलो, मिरवणुकीला थांबलो नाही. शेजारणीने खीर आणून दिली. खाल्ली नाही.

२० एप्रिल, रविवार

काल यशपाल शोरूमला जाऊन आला. दोन बस बदलून. तिथली शनिवारची दुपार म्हणजे आपली रात्र, म्हणून व्हिडिओ काढून ठेवला. आज सकाळी पाठवला आणि मग फोन केला.

गाडी निळी. साडेचारशे सीसी, दोन सिलिंडर. आठ दिवस मी त्याला शिकवत होतो — हँडल पूर्ण वळव, केबल ताणते का बघ. पुढचा ब्रेक धरून दाब, पुढच्या चाकाच्या काट्यातून तेल येतं का बघ. इंजिन थंड असतानाच चालू करायला लाव, शोरूमवाल्याला आधी तापवून ठेवू देऊ नको. आणि आवाज चालू फोनवर ऐकवू नको, फोन इंजिनचा आवाज खातो, त्याला वाटतं कटकट आहे. वेगळा रेकॉर्ड कर. पोराने सगळं केलं. लोक सून बघायला जातात, मी गाडी बघतोय. तीसुद्धा परक्या मुलखातली!

व्हिडिओ चार वेळा पाहिला. मला वाटलं होतं, वेल्डिंग बघितल्यावर हसू येईल. हसू आलं नाही. शिवण एकसारखी होती, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखी. वायरिंगचे कपलर पाणी शिरणार नाही असे. थंड इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालं. रंगसुद्धा टाकीच्या खालच्या बाजूला नीट मारलाय — स्वस्त गाडी तिथंच ओळखू येते. नट-बोल्ट तेवढे हलके वाटले. तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे बर्फ वितळायला, ते बोल्ट गंजतील. पण ते बदलता येतात.

यशपालला म्हणालो, विचार करून सांगतो.

२१ एप्रिल, सोमवार

धुळाप्पाला व्हिडिओ दाखवला. माझ्या गॅरेजला लागून त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, पंचवीस वर्षांची जोडी आमची. त्याने गाडी बघितली सुद्धा नाही. म्हणाला, "गाडी काय, कुणीबी बनवतंय. पार्ट कोण देणार, ते इचार की."

बरोबर बोलला.

२७ एप्रिल, रविवार

यशपालने विचारून ठेवलं होतं. फिल्टर, ब्रेक पॅड दुकानात मिळतात. बाकीचं मागवावं लागतं, तीन आठवडे लागतात. मी लगेच म्हणालो, मग नको. तीन आठवडे गाडी उभी ठेवून काय करणार?

तो म्हणाला, "बरं. मग दुसरी बघू?" मी म्हणालो, बघ.

अर्धा तास बोललो. टायर थंडीत कडक होतात का, त्यावर दहा मिनिटं. नंतर मी एकटाच शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी गेल्या. तीन आठवडे तर आपल्याकडंही लागतात कधी कधी. ते मला तेव्हाही माहीत होतं.

११ मे, रविवार

लाल गाडी. तीनशे सीसी, एक सिलिंडर, हलकी. रोजच्या जाण्या-येण्याला हीच बरी. रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. टॅपेट थोडे वाजतात — नव्या गाडीचे वाजतातच, पहिल्या सर्व्हिसला बसतात.

मी यशपालला सांगितलं, इंजिनातली टायमिंग चेन ढिली आहे, घेऊ नकोस.

त्या चेनला काहीही झालेलं नाही. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला नसलेला बिघाड सांगितला नाही. मडिवाळप्पा बँकवाले मैंदर्गीहून गाडी घेऊन यायचे माझ्याकडं, वाटेत दहा गॅरेज सोडून. का? नागनाथ खोटं बोलत नाही म्हणून! आणि आज स्वतःच्या पोराला.

का केलं ते लिहूनच टाकतो. गाडी घेतली की तो फोन कशाला करेल?

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. वंदनेला बसलो. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे म्हणताना मध्येच थांबलो. शेजारच्या बाईंना वाटलं तिची आठवण आली. तीही आलीच होती.

कालचं पहिलं खोटं नाही. पहिलं मोठं आहे. कुणाला सांगितलं नाही, इथं लिहितो.

ऑक्टोबरात मनकर्णाला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले उशीर झालाय. यशपालचे तिथं राहायचे कागद तेव्हा नवे व्हायला गेले होते. कॅनडा सोडला असता तर परत जाता आलं नसतं. त्याला कळलं असतं तर तो थांबला नसता, सगळं टाकून आला असता. म्हणून मी ठरवलं — सांगायचं नाही. संघप्रियालाही गप्प बसवलं. लेक माळशिरसला शिक्षिका आहे, भावाशी खोटं बोलताना तिकडं एकटीच रडायची. मनकर्णाला म्हणालो, तू बोललीस तर तो आवाजावरून ओळखेल. रविवारी दोन मिनिटं बोलायला द्यायचो, मी शेजारी बसून, कॅमेरा बंद करून. फोनचा कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं होतं त्याला.

ती मान हलवायची. भांडली नाही.

पण रोज संध्याकाळी मी गॅरेजवरून आलो की विचारायची, "यशपालचा फोन आला हुता का?" मी म्हणायचो, आला होता, कामात आहे. कपडे बदलेपर्यंत ती पडल्या पडल्या माझ्याकडं बघत राहायची. रोज. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा विचारलं. मी म्हणालो, उद्या करेल.

यशपालला सांगितलं, अचानक गेली. हार्ट.

त्या माउलीला मी पोराचं तोंड बघू दिलं नाही. त्याचं भलं बघत होतो म्हणतो मी. ते खरंही आहे. पण तिचं शेवटचं झोपलेलं तोंड आठवलं की ते खरं पुरत नाही.

२५ मे, रविवार

फोन. पंचवीस मिनिटं. लाल गाडीवर लोक काय लिहितात ते त्याने वाचून दाखवलं. एकाची दहा हजार किलोमीटर चालली, काही त्रास नाही. एकाची बॅटरी महिन्यात गेली. मी बॅटरीवर बोट ठेवलं.

२६ मे, सोमवार

धुळाप्पाला टायमिंग चेनचं सांगून बसलो. त्याला लालचा आवाज ऐकवला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"चेन कुटं वाजतीय? टॅपेट हायत की ते."

मी हातातला पाना पुसायला लागलो.

"गिऱ्हाइकाला कवा फसवला न्हाईस तू. पोराला फसवतोस व्हय? चालत जातंय ते लेकरू."

दुपारभर शटर अर्धं ओढून आत बसलो. त्रेचाळीस डिग्री होतं. बरं वाटलं.

१ जून, रविवार

संघप्रियाचा फोन. म्हणाली, "पप्पा, दादाला आईचं सांगा आता. मला त्याच्याशी बोलवत न्हाय." मी म्हणालो, सांगतो. सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही, हे तिला म्हणालो नाही.

१५ जून, रविवार

तिसरी. हिरवी, उंच, खडबडीत रस्त्याची. शोरूम गावाबाहेर, तीन बस. व्हिडिओत मागून वारा ऐकू येत होता. त्याचा हात गाडीच्या सीटवर दिसला — नखं तुटलेली, खोकी उचलून. लहानपणी या हाताने कधी पाना धरला नाही, हात काळे होतात म्हणायचा. मनकर्णा त्याचीच बाजू घ्यायची.

चाकाच्या आऱ्या एकसारख्या ताणलेल्या. शॉक मऊ, पण ते सेट होतात. गाडीत खोट नाही.

मी म्हणालो, सीट उंच आहे. बर्फावर पाय पुरणार नाही.

 तो अगदी हळू म्हणाला, "पप्पा, तुमाला यातली कुठलीच पसंत पडणार न्हाय का? सप्टेंबरच्या शेवटाला परत बर्फ पडतोय हितं."

रागावला असता तर बरं झालं असतं.

२२ जून, रविवार

फोन नाही. साडेदहापर्यंत हातात धरून बसलो.

२३ जून, सोमवार

निळी, लाल, हिरवी — तिन्हींचे आवाज परत ऐकले. हिरवीच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी तो शोरूमवाल्याला इंग्रजीत काहीतरी सांगतोय. एवढंच कळलं — "माय फादर". बाकीचं कळलं नाही. पाच-सहा वेळा लावलं.

एप्रिलपासून गाड्या बघण्यात सुट्ट्या घालवतोय हा पोरगा. आईला बघू दिलं नाही, आता चालायला लावतोय. किती हिसकावून घेणार आहे मी याच्याकडून?

२८ जून, शनिवार

उद्या मीच फोन करणार. आधी गाडीचं खरं सांगायचं, मग आईचं. उलटं केलं तर गाडीपर्यंत पोचणारच नाही.

गॅरेजच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, काय बोलायचं ते. तिथं एवढी वर्षं लोकांच्या गाड्यांचे बिघाड लिहिले. वाचून बघितलं. फाडलं. तोंडानेच बोलेन.

नंतर तो बोलला नाही तर नाही. संघप्रियाशी तरी बोलेल.

२९ जून, रविवार

सांगितलं. तिन्ही गाड्या चांगल्या आहेत, मी खोटं बोललो. मग आईचं — ऑक्टोबरपासून सगळं.

त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला,

"मला म्हाईत हाय, पप्पा. आईनंच सांगितलं हुतं. तुमी गॅरेजला गेला की शेजारणीच्या फोनवरनं रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची मला. माझी रात्रपाळीतली जेवणाची सुट्टी असायची तवा." येऊ नको म्हणून तिनेच त्याला आण घातली होती. संध्याकाळी मला मुद्दाम विचारायची, फोन आला होता का. नाही विचारलं तर पप्पांना संशय येईल, म्हणायची. दुसऱ्या दिवशी हे त्याला सांगायची आणि मायलेक हसायचे.

गाडी त्याला घ्यायचीच नव्हती. त्याला गाडी चालवायची भीती वाटते, अजूनही. आईने सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर त्येंना गाडीचं इचारत जा. दुसरं कायबी बोलाय येत न्हाय त्येंला."

मग दोघंही रडलो. किती वेळ ते बघितलं नाही.

उद्या सकाळी परत फोन करतो म्हणाला. कशाबद्दल, म्हणालो. कशाबद्दलच नाही म्हणाला.