कासव कुळाची शिंगं

फिलाडेल्फिया, ५ मार्च १७९२

ती. मार्गरीटअक्कास,
धाकट्या कोर्नेलिसचा शि. सा. न. वि. वि.

राजधानीत सुखरूप पोचलो. इथल्या मेजवान्यांपेक्षा तुझी मक्याची लापशी बरी.

अक्का, गोष्ट बिघडली आहे. या गोऱ्या सरकारवाल्यांनी आपल्या ओनायडा जमातीला मैत्रीच्या नावानं बोलावलं आणि मागतायत आपली नदीकाठची शेतं! जमीन तुम्हा बायकांची. तुमचा शब्द म्हणून मानला जाणारा शंखमण्यांचा पट्टा हाती नसताना मी हो म्हणणारा कोण, आणि नाही म्हणणारा तरी कोण? म्हणून आपल्या रीतीनं, घरी विचारून सांगतो अशा अर्थानं, गप्प बसलो. तर त्यांचे मंत्रिसाहेब उठून माझा हात हलवायला लागले. गप्प बसला म्हणजे कबूल, अशी यांची समजूत! आता सहीचा कागद लिहितायत. पट्टा ताबडतोब पाठव. जीव टांगणीला लागलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा कोर्नेलिस

ओनायडांचं गाव, २९ मार्च

चि. कोर्नेलिस यास अ. आ.

अरे वेड्या, एरवी तुझं तोंड बंद होत नाही, आणि नको तिथे बरा गप्प बसलास!

मोजणीवाले साखळ्या घेऊन शेतात उतरलेत. म्हणे, तुमच्या सरदारानं कबूल केलंय, फक्त सही व्हायचीय. लेआकाकूनं कुदळच उगारली त्यांच्यावर.

नवा पट्टा ओवून तुझ्यापर्यंत पोचेतो ते तुझ्याकडून सही उकळतील. तुझा दोष नाही हे मला ठाऊक आहे. तरी काल सभाघरात, सगळ्या बायकांसमोर, मी तुझी सरदारकीची हरणशिंगं उतरवली, म्हणजे सरदारकीच काढून घेतली. आपल्या कासव कुळातली थोरली बाई म्हणून मीच चढवली होती ना? शिंगं नसलेल्याची सही कुळाला बांधत नाही.

रागाव हवं तर, पण परका होऊ नकोस.
तुझी अक्का

फिलाडेल्फिया, १६ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून रडलो, खोटं कशाला सांगू? आपल्या मामामागून माझ्याकडे आलेली शिंगं होती ती.

आज भरल्या सभेत त्यांनी माझ्या हातात लेखणी दिली. मी ती खाली ठेवली आणि सांगितलं की मी आता कुणाचा सरदार नाही, बहिणीनं मला काढून टाकलंय. सगळे खो खो हसले. बायकोला भिणारे पाहिले होते, हा बहिणीला भितो, असंही एकजण म्हणाला. मग दुभाष्यानं नीट उलगडून सांगितलं, की आमच्यात सरदार नेमतात आणि काढतात त्या बायकाच, आणि जमीनही त्यांचीच. मंत्रिसाहेबांनी कागद गुंडाळला आणि त्रासून विचारलं, की मग बोलायचं तरी कोणाशी?

अक्का, मी तुझं नाव सांगितलं.

आता नुसता भाऊ उरलोय, तेवढा राहू दे.
कोर्नेलिस