बुजवलेले भोक

२ जून, बर्नी
मेलबर्न सोडल्याचे मुळीच दुःख नाही. खोली प्रशस्त आहे, खिडकीसमोर बंदर आहे आणि घरमालकीण नेरिडा सुसह्य आहेत. त्या झोपताना श्वासयंत्र लावतात; त्याशिवाय झोपेत त्यांचा श्वास थांबतो. भिंतीपलीकडून त्याची लय ऐकू येते. माझ्या शेजारी कुणी श्वास घेत आहे, असे कित्येक वर्षांत घडले नव्हते. वीज गेल्यावर याच यंत्राला जगवणारा बॅटरी-संच मला इथल्या कारखान्यात नव्याने घडवायचा आहे. योगायोग शुभच म्हणायचा.

११ जून
कारखान्याचा जुना संच गबाळा आहे. बॅटरी संपत आली की वाजणाऱ्या शिट्टीसाठी त्याच्या आवरणाला चक्क भोक ठेवले आहे. त्यातून ओल शिरते. सेल पेटू शकतो. मी शिट्टी काढली, भोक बुजवले. बॅटरी किती उरली, तो आकडा पडद्यावर दिसतोच. शिवाय सेलला इजा पोहोचण्याआधी माझा संच स्वतःच वीज तोडतो. कारखान्याचे प्रमुख डेनिस पायबस म्हणाले, "पीएचडीबाई, झोपलेलं माणूस पडदा वाचतं होय?" अशा युक्तिवादाला मी उत्तर देत नाही. नेरिडांनी चाचणीसाठी संच आनंदाने घेतला. "तुझ्या हातचं आहे ना पोरी, मग झालं," म्हणाल्या.

२४ जून
वादळाने काल रात्री वीज गेली. लय केव्हा थांबली, मला झोपेत कळलेच नाही. सकाळी चहा घेऊन गेले, तेव्हा नेरिडांचे हात गार पडले होते.
संच तपासला. सेल निर्दोष, वीज तोडण्याची मर्यादा अचूक. संचाने ठरल्याप्रमाणे स्वतःला वाचवले होते.

२९ जून
यंत्र संचासकट कारखान्यात तपासणीला गेले. पलीकडची खोली रिकामी आहे. लय मात्र चालू आहे.
ती अजून ऐकू येते, असे डेनिसना सांगितले. ते थट्टा करतील असे वाटले होते. "घरी जा पोरी, आपल्या माणसांत," एवढेच म्हणाले. अशी माणसे मला नाहीत, हे त्यांना सांगितले नाही.

३ जुलै
भिंतीला कान लावला. आवाज भिंतीत नाही — माझ्या छातीत आहे. तीच लय, यंत्राची. श्वास रोखून पाहिला. रोखता येत नाही —

४ जुलै
मर्यादा अचूकच होती. अजूनही तेच म्हणते.
लय मंदावते आहे. किती उरली, ते पाहायला पडदा नाही — शिट्टी मीच काढली — म्हणजे तुटण्याआधी मला काहीही कळणार ना