मोठ्या सिस्टरचे एकोणीस तक्ते

मी, वय एकोणतीस, शिक्षण नववी पास, निर्णयपद्धती संशोधन केंद्रात माहिती गोळा करणारा, हे पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणतात. ते सर्वांनाच म्हणतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी गरज कोणाला वाटलेली नाही.

१. राहत्या खोलीतील माझा अर्धा हिस्सा ताईला द्यावा. दादाला नाही. बाबांना पोचवून आलो त्याच संध्याकाळी तो टेप घेऊन भिंती मोजत होता.

२. सायकल केंद्राच्या शिपायाला. सात वर्षांत "जेवलास का?" असे तिथे त्यानेच विचारले.

३. तुलनेच्या पत्त्यांचा जोड केंद्रातल्या सरांना परत करावा. एकेका पत्त्यावर एकेक मुद्दा असतो. दोन पत्ते समोर ठेवायचे आणि यातला जड कोणता ते जाणकाराला विचारायचे. आगीच्या बंबावरचे जमादार, धरणाचे दरवाजे उघडणारे, बियाण्यांची पारख करणारे, सर्वांपुढे मी ते मांडले. त्या उत्तरांवरून केंद्र यंत्रणा बनवते आणि कोणाचा नंबर आधी ते संगणकाचा पडदा सांगतो. अहवालात बारा नावे आहेत. माझे नाही. सर म्हणाले, "अरे, तू नुसतं विचारलंस. उत्तरं त्यांची, पद्धत माझी."

४. ट्रंकेतील पेन्सिलीचे एकोणीस मूळ तक्ते माझ्या मृत्यूनंतर याच रुग्णालयातील मोठ्या सिस्टरना द्यावेत. कारण असे: अतिदक्षतेची खाट आधी कोणाला द्यावी हे मी त्यांना विचारले होते. एकोणीसही तक्त्यांत त्यांनी श्वासाचा आकडा वयापेक्षा जड ठरवला, वय नर्सच्या अंदाजापेक्षा जड, आणि नर्सचा अंदाज श्वासाच्या आकड्यापेक्षा जड.

"सिस्टर, हे गोल फिरतंय," मी म्हणालो.

"वॉर्डात ये, मग बघ काय काय फिरतं ते."

संगणक असे तक्ते घेत नाही. तीनदा परत आले. सर म्हणाले, "तुला धड विचारताही येत नाही का रे?" तेव्हा पक्की प्रत करताना मी तिसरे उत्तर उलटे केले. एकोणीसही तक्त्यांत. नर्सचा अंदाज सर्वांत खाली गेला. सर खूश झाले. "आता कसं सुतासारखं सरळ!"

गेल्या वर्षी बाबांना इथे आणले. तोवर केंद्राची तीच यंत्रणा इथे बसली होती. आकडे बरे होते. मोठ्या सिस्टर ओरडत होत्या, "आकडे ठेवा बाजूला, हा माणूस चाललाय!" पडद्याने बाबांना तिसरा नंबर दिला. बाबा व्हरांड्यातल्या स्ट्रेचरवरच गेले.

दादाने तक्रार केली ती सिस्टरविरुद्ध. केंद्राने चौकशीत माझी पक्की प्रत दाखवली: नर्सच्या नजरेला शेवटचा नंबर याच बाईंनी दिला. "मी असं म्हटलंच नव्हतं," एवढेच त्या म्हणत राहिल्या. मी त्याच खोलीत भिंतीशी बसून होतो. बुटाची नाडी दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

५. वरील कलम ४ मी आज खोडले आहे. चौकशीचा निकाल शुक्रवारी आहे, ऑपरेशन सोमवारी. मेल्यावर खरे बोलायचे तर त्यांची नोकरी त्याआधीच गेलेली असेल. आणि मी जगलो, तर तोंड उघडीन असा माझा मला भरवसा नाही. ताईकडून ट्रंक मागवली आणि तक्ते दुपारी सिस्टरच्या हातात दिले, सोबत माझा सहीचा कबुलीजबाब. त्यांनी उभ्यानेच सर्व वाचले.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कोर्टासमोरचा टायपिस्ट सांगतो. ताई आणि शिपाई त्यामुळे बाद. सिस्टरना आता यातून काही मिळत नाही, म्हणून त्यांनाच विचारले. त्यांनी खिशातले पेन काढले. "सही करते. पण माफ केलं असं समजू नकोस. आणि सोमवारी मर-बीर नकोस. शुक्रवारी कागद देईन, पण पुढे उलटतपासणीला तूच लागशील."

मृत्युपत्र करणारा: (सही)
साक्षीदार १: मोठ्या सिस्टर (सही)
साक्षीदार २: शेजारच्या खाटेवरील शिंपी (सही, डाव्या हाताने, उजव्या हाताला सलाईन आहे)
स्थळ: पुरुष वॉर्ड, खाट क्रमांक अकरा
दिनांक: नऊ तारीख, बुधवार