यात्रेच्या घोडीचं कडियाळं

आबा, काल सकाळी कामावर निघताना मी खुंटीवरचं कडियाळं काढलं, तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि जेवणाच्या पिशवीत तळाला ठेवलं. त्यावर भाकरीचा डबा ठेवला. घोडीला पाणी दाखवलं, देवापुढं उदबत्ती लावली आणि गाडी बाहेर काढली. तुमची सून दारात उभी होती. म्हणाली, "अवो, पिशवी लई जड दिसतीया." मी म्हटलं, "लोखंड हाय." "कारखान्यात लोखंड कमी पडलं व्हय, घरातनं न्यायला लागलासा?" असं म्हणून ती हसली, पण तिला कळलं होतं. मोकळी खुंटी तिनं आधीच बघितली होती. उसाचा हंगाम संपलाय, बावड्याचा रस्ता मोकळा होता. शिरोलीला, आमच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी वेळेआधी पोचलो आणि भट्टी तापेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो.

तुम्हाला ते कडियाळं कसं होतं हे सांगायची गरज नाही, पण मी स्वतःसाठी लिहितो, कारण आता ते बघायला मिळणार नाही. दोन बाजूंना दोन कड्या, मधे घोडीच्या तोंडात बसणारी बोटभर जाडीची सळई आणि सळईवर काटे. लगाम ढिला असेल तर काटे नुसते जिभेवर टेकतात. ओढला की रुततात. आजा पहिल्या महायुद्धात घोडदळाबरोबर मोतद्दार म्हणून समुद्रापलीकडं गेला होता, घोड्यांची निगा राखायला. लढाई संपल्यावर माणसं बोटीत चढवली आणि घोडी तिथंच राहिली. आजा हातात फक्त हे लोखंड घेऊन घरी आला. कुठून आणलं, कुणाच्या तोंडातून काढलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरानं ते लढाईतलं म्हणून देवाच्या फळीशेजारी टांगलं आणि वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवशी, खाली काढायचं ठरवलं.

यात्रेत पालखीपुढं आपली घोडी उभी राहते, हा आपल्या घराचा मान. वेशीजवळ लोखंडी उखळीत दारू ठासून तीन बार उडवतात आणि घोडीनं जागा सोडायची नाही. लढाईतली घोडी तोफेला हलत नव्हती, मग देवाची घोडी कशी हलेल, असं गाव म्हणायचं. तिसऱ्या बाराला तिच्या तोंडातून तांबडा फेस गळला की देव आला म्हणायचं. बायका तो फेस बोटानं टिपून पोरांच्या कपाळाला लावायच्या. आईनं माझ्याही कपाळाला लावलाय. तो फेस कशानं तांबडा होतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसायचं.

तुम्हाला मात्र घोडं कळत होतं. मी चौथीत असताना शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी लढाईचं चित्र काढून घेतलं होतं. पुढचे दोन पाय वर उचललेला पांढरा घोडा आणि त्यावर तलवार उपसलेला स्वार. तुम्ही मला शाळेतून न्यायला आला होता, चित्रापुढं उभं राहून तुम्ही म्हणालात, "गुरुजी, घोडं झ्याक काढलंय. पण हे लढत न्हाय. हे भ्यालंय." गुरुजी हसले. तुम्ही चित्राचे कान दाखवलेत, डोळ्याचा पांढरा भाग दाखवलात. घरी येताना म्हणालात की घोडं मुळात पळून जिवंत राहणारं जनावर, त्याच्याकडं ना शिंग ना नखं, म्हणून त्याचे डोळे दोन्ही बाजूंना आणि कान चारी दिशांना. आपल्याकडची बारकी, काटक घोडी दिवसभर डोंगर तुडवायची ती शूर होती म्हणून नव्हे; शेजारचं घोडं पळतंय म्हणून हे पळायचं, आणि पाठीवरच्या माणसाची मांडी ओळखीची आहे म्हणून थांबायचं. "लढायची हौस माणसाला. घोडं आपलं भीत भीत संगं गेलं," असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा फक्त ऐकलं. मला ते चित्रच आवडलं होतं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. चुलीपुढं आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय आणि आज्याची नक्कल करताय. छावणीत नव्या घोड्यांना तोफेची सवय कशी लावायचे, ते सांगताय. संध्याकाळी भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा तोंडाला बांधायचा आणि घोडं खायला लागलं की लांब माळावर बार काढायचा. रोज थोडा जवळ. दोन-तीन महिन्यांत घोड्याच्या डोक्यात एवढंच राहायचं की बार झाला म्हणजे हरभरा आला. मग खऱ्या लढाईत तोफ धडाडली की पुढच्या रांगेतली घोडी माना लांब करून तोबरा शोधायची. तुम्ही मान लांब करून, नाकपुड्या फुगवून इकडं तिकडं बघितलंत, आणि आईच्या हातातली भाकरी हसता हसता वाकडी झाली. ती गोष्ट आपल्या घरात शंभरदा झाली असेल. दरवेळी आपण हसलो. आज्यानं आणलेलं लोखंड आपण तेल लावून जपलं आणि आज्यानं सांगितलेली रीत हसण्यावारी घालवली.

आता ते सांगतो, जे मी कधी कागदावर आणलं नाही. मी तेरा वर्षांचा होतो. यात्रेच्या पहाटे तुम्ही आंघोळीला गेला होता. मी आईच्या फाटक्या हिरव्या लुगड्याची पट्टी त्या काट्यांवर घट्ट गुंडाळली आणि दिसू नये म्हणून वर गाडीचं काळं वंगण फासलं. तुमच्या त्या कबऱ्या घोडीवर माझा जीव होता. पहिल्या बाराला ती थरथरली. दुसऱ्या बाराला उधळली. तुम्ही लगामाचा वेढा मनगटाला घेतला होता, नेहमीसारखा. तिनं तुम्हाला शाळेच्या फाटकाच्या दगडापर्यंत फरफटत नेलं. मी पालखीमागं उभा होतो आणि मला तुमचं पागोटं रस्त्यावर एकटंच पडलेलं दिसत होतं.

कंबर मोडली ती पुन्हा नीट बसली नाही. महिन्याभरानं तुम्ही अंथरुणावरच कडियाळं मागवून घेतलंत. मी ते आणून दिलं. पट्टी मी काढली होती तरी काट्यांच्या मुळाशी दोरे राहिले होते. तुम्ही नखानं एक दोरा ओढून काढलात, हिरवा. आई पलीकडं भाकरी भाजत होती. तुम्ही तिच्या लुगड्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. दोऱ्याकडं बघतच म्हणालात, "दया करायची तर रोज करावी लागती, लेका. एक दिवसाची दया घोडीला कळत न्हाय." एवढंच. गावातली माणसं विचारायला आली तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "लगाम मीच ढिला बांधला हुता."

त्या वाक्याचा मी उलटा अर्थ घेतला. मला वाटलं, दया करू नको असं तुम्ही सांगताय. तुम्ही असेपर्यंत काठी टेकत लगाम तुम्हीच धरलात, तुम्ही गेल्यावर मान माझ्याकडं आला आणि अठरा यात्रा मी स्वतः ते कडियाळं घोडीच्या तोंडात चढवलं. ना पट्टी, ना वंगण. माझ्या हातून पुन्हा कुणी फरफटू नये, एवढीच भीती. यात्रेनंतर आठ दिवस तिच्या तोंडाला तूप-हळद लावायची आणि देवाकडं बघायचं नाही. गेल्या वर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हळद घेऊन गेलो तर तुमच्या त्या कबऱ्या घोडीची ही नात, जी एरवी माझ्या खिशात तोंड घालते, तिनं माझा हात हुंगला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पुढं काही महिन्यांनी कारखान्यात उभा होतो, जेवणाचा भोंगा झाला. कान फाटतील असा तो भोंगा, नवीन माणूस दचकतो. पण आमची सगळी माणसं हातातलं काम टाकून डब्याच्या पिशव्यांकडं वळली, माझीही मान वळली. आणि मला एकदम तुम्ही आठवलात, चुलीजवळ मान लांब केलेले. आबा, मी तिथं एकटाच हसलो. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, "तोबरा दिसला."

दिवाळी संपल्यावर सुरुवात केली. दिवे लागायच्या वेळी मी घोडीला तोबरा बांधायचो आणि तुमची सून मळ्याच्या पार टोकाला जाऊन पत्र्याचा डबा बडवायची. पहिल्या दिवशी घोडीनं हरभरा सांडला. दुसऱ्या दिवशीही. तुमची सून म्हणायची, "लगीन करून आलो तवा सांगितलं न्हवतं, मळ्यात डबं बडवाय लागतील म्हणून." पण एक दिवस चुकली नाही. माघात डबा गोठ्याच्या दाराशी आला. मग लवंगी फटाके, मग सुतळीबॉम्ब, आधी लांब, मग जवळ. आजारी होतो तेव्हाही उठून गेलो. एक दिवस सोडावासा वाटला की तुमचं ते दयेचं वाक्य ऐकू यायचं, आणि आता ते सरळ ऐकू यायचं.

यात्रेच्या आठ दिवस आधी यात्रा कमिटीचा अध्यक्ष घरी आला. तुमच्यापुढं चड्डीत फिरायचा तोच. गोठ्यात साधा, गुळगुळीत सळईचा लगाम बघून म्हणाला, "दादा, मी काय ऐकतोय? आज्याचं कडियाळं घालणार न्हाय म्हणं?"

"न्हाय."

"मग घोडी उधळली तर? आबांचं काय झालं इसरलासा?"

"इसरलो असतो तर कवाच सोडलं असतं."

"बरं, न्हाय उधळली. पण फेस? फेस आला न्हाय तर लोक म्हणतील देव आला न्हाय. मान दुसऱ्या घराला द्या म्हणतील. मी काय सांगू?"

मी त्याला चहा दिला. म्हटलं, "देवाला यायचं तर तो रगत बघून येतोय व्हय? त्यो आधीपास्नंच पालखीत बसलाय की. घोडी हलली तर मान न्या, मी सोताहून आणून देतो. पण ते लोखंड तिच्या तोंडात परत जाणार न्हाय." त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "लई हट्टी हाईसा. आबांवर गेलासा." मला बरं वाटलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

परवा यात्रा झाली. लगामाचा वेढा मी मनगटाला घेतला नाही, नुसता तळहातावर धरला. नाव घेतलं देवाचं. पहिला बार झाला आणि घोडीचे कान मागं गेले, अंग एकदा शहारलं. शाळेचं फाटक तिथून दिसतं. दुसरा बार झाला. तिनं मान उचलली, नाकपुड्या फुगवल्या, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि भर पालखीपुढं माझ्या नव्या सदऱ्याच्या खिशात तोंड घालून हरभरा शोधायला लागली. आधी कुणीतरी एक बाई हसली, मग सगळी वेस हसली. तिसऱ्या बाराला ती हरभरा चावत होती, कारण मी मूठभर नेला होता. एक म्हातारी पुढं आली, घोडीच्या ओठाला बोट लावलं, बोट पांढरंच निघालं, नुसती लाळ. तिनं ते थोडा वेळ बघितलं आणि नातवाच्या कपाळाला लावलं.

तर काल सकाळी, भट्टी तापल्यावर, मी फडकं सोडलं. तेलकट किंवा ओलं लोखंड वितळलेल्या रसात पडलं तर रस उसळून अंगावर येतो, म्हणून कडियाळं आधी कडेला ठेवून चांगलं तापवलं. इतक्या वर्षांचं तेल धूर होऊन गेलं. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "साहेब, हे काय टाकायलासा?" मी म्हटलं, "लोखंडच हाय. आमच्या घरचं." चिमट्यानं उचललं, डोळे मिटले, आणि सोडलं. काटे आधी गेले, मग कड्या. कालच्या त्या रसातून ट्रॅक्टरचे भाग ओतले. त्यातला कुठला भाग आपला, ते मला सांगता येणार नाही.

हा कागद त्या मोकळ्या खुंटीमागच्या कोनाड्यात ठेवतोय. पट्टी मीच बांधली होती, हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुमच्या तोंडावर सांगायला मला सोळा वर्षं मिळाली होती आणि मी सांगितलं नाही. आणि एक. तुम्ही आज असता, तर कडियाळं मी भट्टीत टाकलं नसतं. खुंटीवरून काढायलाही माझा हात उठला नसता.